कल म्हणजे नक्की कधी?

आमच्या घरात दोन गोष्टी साठत जातात, रद्दी आणि शिरीषचे किस्से. रद्दी निदान कबाडीवाला नेऊ शकतो. पण कबाडीवाल्याला बोलवायचं काम शिरीषकडे आहे, त्यामुळे रद्दी हाही आता एक किस्साच झाला आहे.

शिरीष म्हणजे माझा नवरा. ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात आमचं चष्म्याचं दुकान आहे. आतल्या अंधाऱ्या खोलीत तो डोळे तपासतो, बाहेर काउंटरवर मी बसते. त्या खोलीत त्याच्यासारखा माणूस नाही. समोरच्यानं मान कशी कलती धरली आहे यावरून तो नंबराचा अंदाज सांगतो, रडक्या पोरांना हसवत बसवतो, एकेका म्हाताऱ्यापाशी न कंटाळता थांबतो. खोलीतून बाहेर आला की मात्र आपण कशासाठी बाहेर आलो, हे त्याला सांगता येत नाही.

गिऱ्हाइकं आता चष्म्याइतकीच किश्शांसाठी येतात. "भाभीजी, डॉक्टर साहब ने इस बार क्या किया?" मी सांगते, ते पोट धरून हसतात. त्यांचं काय जातं हसायला, संसार मला करायचा आहे.

यंदा मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. माझ्या सासूबाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता आणि डावाही बेताचाच होता. ओळखला शिरीषनंच. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लवकर काढून टाका, जास्त पिकला तर अवघड होऊन बसेल. आणि आईंनी अट घातली.

"शिरीष नेईल तेव्हाच ऑपरेशनला जाईन. गावभरचे मोतीबिंदू तो हॉस्पिटलात पाठवतो, आणि मी सुनेचा हात धरून जाऊ? लोक काय म्हणतील?"

शिरीष म्हणाला, "नेतो ना आई. कल."

* * *

हे 'कल' काय प्रकरण आहे ते आधी सांगते.

मी साताऱ्याची. आमच्याकडे काल म्हणजे होऊन गेलेला दिवस आणि उद्या म्हणजे यायचा दिवस. लग्न होऊन इकडे आले तर हिंदीतला 'कल' दोन्हीकडे पळतो. ग्वाल्हेरची मराठी माणसं मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरतात, आणि शिरीष तर वेळेचा प्रश्न निघाला की हमखास शिरतो. "पंखा कल दुरुस्त," म्हणायचा. नवी नवरी मी, मला वाटायचं काल करून झाला. मी बटण दाबायची. पंखा काही फिरायचा नाही.

हळूहळू उमगलं की याच्या घड्याळात वेळा दोनच आहेत, अभी आणि कल. डोळ्यांसमोर आहे ते अभी. बाकी सगळं, मग ते दुपारचं असो नाहीतर दिवाळीचं, कल.

एकदा मुरार छावणीतले एक रिटायर्ड सुभेदार चष्मा न्यायला आले.

"आपने कहा था, कल मिलेगा."

"कब कहा था?" शिरीषनं विचारलं.

"कल."

"हाँ, तो कल मिलेगा."

सुभेदारांनी मान डोलावली, पायऱ्या उतरले आणि पुन्हा वर आले. शिरीष आत गेल्याचं बघून मला हळूच म्हणाले, "भाभीजी, ये जो इनका कल है, ये आने वाला है कि निकल गया?"

* * *

थंडीतला रविवार होता. बाथरूमचा बल्ब गेला.

"दोन मिनिटांचं काम आहे," शिरीष म्हणाला. हे वाक्य ऐकलं की मी दिवस मोजायला लागते.

बल्ब लावायला स्टूल आणलं, तर त्याचा एक पाय हलत होता. तो घट्ट करायला स्क्रू ड्रायव्हर हवा, तो स्कूटरच्या डिकीत. स्कूटरपाशी गेला, तर मागचं चाक बसलेलं. स्कूटर ढकलत पंक्चरवाल्याकडे गेला, तर त्याच्या शेजारी ताजी गजक कुटणं चाललेलं. तीळ-गुळाची ही खुसखुशीत वडी थंडीत समोर दिसली आणि ग्वाल्हेरचा माणूस सरळ पुढे गेला, असं होत नाही.

अंधार पडल्यावर स्वारी परतली. चाकात हवा, स्कूटरला नवा आरसा, हातात गजकचा डबा.

मी विचारलं, "बल्ब?"

"कोणता बल्ब?"

मी डबा त्याच्या हातातून ओढून टेबलावर आपटला. तेवढ्यात आई भिंत चाचपत, अंधारातच हातपाय धुऊन बाहेर आल्या. त्यांनी गजकचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "बल्ब छान आहे रे शिरीष. खुसखुशीत."

* * *

मग आम्ही मोबाईलचा आधार घ्यायचं ठरवलं. विसरायला होतं ना, मग अलार्म लाव. शिरीषला ही कल्पना फार आवडली. त्यानं तिथल्या तिथे एक अलार्म लावलासुद्धा, रोज दुपारी चारचा.

पहिल्या दिवशी चारला फोन वाजला. शिरीषनं बघितलं, मीही वाकून बघितलं. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'ते काम'.

"कोणतं काम?" मी विचारलं.

"तेच तर," शिरीष म्हणाला. "लावला तेव्हा एकदम क्लिअर होतं."

अलार्म काढून टाकायला तो तयार नाही. म्हणतो, महत्त्वाचं असल्याशिवाय का लावला असेन? तेव्हापासून दुकानात रोज चारला 'ते काम' वाजतं आणि शिरीष गंभीर चेहऱ्यानं ते बंद करतो. काच बसवणारे आमचे रफीकभाई तर त्या आवाजावर चहा सांगायला लागले आहेत. निदान एकाचं तरी काम होतं.

* * *

आमची मुलगी सानिका इंदूरला सायकॉलॉजी शिकते. सुट्टीत घरी आली, दोन दिवस बापाचं निरीक्षण केलं आणि जेवताना जाहीर केलं, "आई, तू उगाच ओरडतेस. बाबा मुद्दाम थोडीच करतात? इनका एक्झिक्युटिव्ह फंक्शनिंग वीक है."

"म्हणजे काय गं?" आईंनी विचारलं.

"म्हणजे आजी, डोक्यात एक साहेब असतो. आधी हे कर, मग ते कर, हे आठवणीत ठेव, आता ऊठ, असं सांगणारा. बाबांकडे काम करणारा स्टाफ एकदम बढिया आहे. बस, साहेब सीटवर नसतो."

आईंनी भाताचा घास घेतला. "मग त्यात काय," त्या म्हणाल्या. "याचे बाबा सरकारी ऑफिसात होते. तिथेही साहेब सीटवर नसायचा. ऑफिस चालायचंच."

मला हसू आलं नाही. साहेब सीटवर नसला की फाईल कुठे पडून राहते, ते मला माहीत होतं. त्या दिवशीही आईंनी आमटी समजून ताकात भात कालवला होता.

* * *

सानिकानं उपाय सांगितला. आईंना ऑपरेशनला नेणं हे एक काम नाही, त्यात पुष्कळ छोटी छोटी कामं आहेत. एकदम सगळं समोर आलं की बाबा गारठतात. तर एका वेळी एकच तुकडा द्यायचा. पहिला तुकडा, हॉस्पिटलला फोन करून तारीख घेणे. बस, एवढंच.

शिरीषनं आमच्यासमोर फोन लावला. मी हात जोडूनच बसले होते. पलीकडून हॉस्पिटलचा काउंटरवाला बोलत होता. नमस्कार झाला, चौकशी झाली, मग शिरीष एकदम खुर्चीत पुढे सरकला. "अच्छा? कब से? दोनों आँखों में? सिरदर्द भी?" अगदी आस्थेनं, बारीकसारीक विचारत होता. मग म्हणाला, "नहीं नहीं, टालिए मत," आणि फोन ठेवला. चेहऱ्यावर समाधान.

"मिळाली अपॉइंटमेंट?" मी विचारलं.

"हो. त्याला. सकाळीच येतोय बिचारा."

* * *

आणखी एक तोडगा मात्र खरंच चालतो, तो माझा मीच शोधलेला आहे. शिरीषजवळ कुणी नुसतं बसून राहिलं, काही न बोलता, तर त्याच्या हातून काम होतं. का होतं ते मला माहीत नाही. पण मला काउंटर असतो, स्वयंपाक असतो, मी किती वेळ नुसती बसणार?

म्हणून एका सुट्टीच्या दुपारी आईंना बसवलं. दुकानाच्या फ्रेम्सची ऑर्डर पाठवायची किती दिवस राहिली होती. "आई, तुम्ही फक्त बसा. बोलायचं नाही." आईंनी सोबत मटाराची परात घेतली आणि बसल्या.

मी पाटणकर बाजारातून भाजी घेऊन परत आले. आई खुर्चीत गाढ झोपल्या होत्या. शिरीष खाली मांडी घालून बसला होता, समोर परात, त्यात सोललेल्या मटारांचा ढीग, आणि सालं वेगळी करून नीट कागदात गुंडाळलेली.

"झालं काम?"

"झालं ना," त्यानं अभिमानानं परात दाखवली. "आणि वृषाली, आईला उठवू नको. दमली आहे ती."

* * *

दिवस जात होते. आई रोज दुपारी मैत्रिणींबरोबर बदाम सात खेळायच्या, त्यांना आता बदाम आणि चौकट वेगळे दिसेनात. मैत्रिणी हसायच्या, मग कुजबुजायला लागल्या. एकदा पायरी चुकून आई पडता पडता वाचल्या.

एका संध्याकाळी मी त्यांना बाजारातून घेऊन येत होते. साडीच्या दुकानाबाहेर नेसवलेला पुतळा उभा होता. आई थबकल्या, त्याच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "काय गं, बरी आहेस ना? घरी ये की."

मी हळूच त्यांना पुढे नेलं. थोडं चालल्यावर त्या म्हणाल्या, "एक शब्द बोलली नाही. आजकालच्या सुना म्हणजे."

हा किस्सा मी दुकानात सांगितला तेव्हा सगळे हसले. शिरीष हसला नाही. आत गेला आणि त्याच दिवशी त्यानं खरोखर हॉस्पिटलला फोन करून तारीख घेतली. सोमवार, सकाळी नऊ.

* * *

आता बुटाचं सांगायला हवं.

जी वस्तू विसरायची नाही ती शिरीष बुटात ठेवतो. ही त्याची स्वतःची युक्ती. बूट घातल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि पाय घालताना आत काहीतरी लागतंच. स्कूटरची किल्ली बुटात, बँकेचं कार्ड बुटात. एका गिऱ्हाइकाचा चष्माही त्यानं एकदा बुटात ठेवला होता आणि पाय घालताच तो मोडल्याचा आवाज आला. पण विसरला नाही, हे कबूल करायला हवं.

रविवारी रात्री झोपण्यापूर्वीच त्यानं आईंचे रिपोर्ट गुंडाळून एका बुटात खोचले. दुसऱ्यात किल्ली. पाण्याची बाटली आणि शाल बुटांना टेकवून ठेवली. मी बघत होते, मला भरून आलं.

सोमवारी मी दुकान उघडायला लवकर निघाले, तेव्हा आई धुतलेली साडी नेसून दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. शिरीष दाढी करत होता. सगळं वेळेवर चाललं होतं. मी ई-रिक्षात बसून फूलबागेचा चौक मागे टाकेपर्यंत देवाचं नाव घेत होते.

साडेनऊला शिरीषचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"वृषाली, मी पोचलो. वेळेवर पोचलो."

"मग?"

"इथे विचारतायत, पेशंट कुठे आहे."

रिपोर्ट होते, पैसे होते, बाटली होती, शाल होती. आई घरी खुर्चीत बसून होत्या. तो घरी परत येऊन त्यांना नेईपर्यंत डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला गेले होते आणि ती तारीख हातची गेली.

मी दुपारी घरी गेले ती शिरीषशी भांडायच्या तयारीनंच. आई मात्र अजून त्याच साडीत, परत येऊन त्याच खुर्चीत बसलेल्या. मला म्हणाल्या, "त्याला ओरडू नको. मी बुटात मावले नाही, म्हणून राहिले."

* * *

त्यानंतर शिरीष डोळ्यांचं नावच काढेना. खजील माणूस आणखी हातपाय गाळतो. मी विचारलं की "कल, पक्का." मी म्हटलं, खड्ड्यात गेलं ते कल, आई, चला, मी नेते. आई ठाम. "तुझ्याबरोबर गेले तर तो जन्मात स्वतःला माफ करायचा नाही. थांब जरा."

"आणि डोळा गेला म्हणजे?"

"दुसरा आहे," त्या म्हणाल्या. मला त्यांचाही राग आला. दोघंही मायलेक एका मातीचे.

मग एके सकाळी मी निघताना आई म्हणाल्या, "मला दुकानात ने. चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतो."

दुकानात गर्दी होती. आई माझ्याजवळ काउंटरमागे बसायला तयार होईनात. इतर गिऱ्हाइकांच्या रांगेत बाकावर बसल्या आणि नंबर आल्यावर आत गेल्या. दार उघडंच होतं. शिरीष पाठमोरा लेन्स पुसत होता. खुर्चीत कुणी बसल्याचं त्याला कळलं तेवढंच, आणि सवयीनं म्हणाला, "आइए माताजी. बायीं आँख पर हाथ रखिए. ऊपर से पढ़िए."

आईंनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला.

"कहाँ से पढ़ें, डॉक्टर साहब," त्या म्हणाल्या. "दीवार दिखे, तो पढ़ें."

लेन्स टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्यानं बॅटरी लावून त्यांचा डोळा बघितला असावा, कारण भिंतीवर उजेड हलला. मग स्टूल जोरात सरकलं आणि शिरीष आईंचा हात धरून बाहेर आला. काउंटरपाशी एक बाई तपासणीची जड फ्रेम डोळ्यावर चढवून त्याची वाट बघत होत्या. त्यांना ओलांडून तो पायऱ्या उतरला, समोरून जाणारी ई-रिक्षा थांबवली, आईंना चढवलं आणि गेला. रिपोर्ट घरी होते. बाटली नाही, शाल नाही. बुटात तर काही नव्हतंच, कारण बूट दुकानात राहिले होते. तो आतल्या खोलीत घालायच्या स्लिपरवर गेला होता.

मी त्या बाईंच्या डोळ्यावरची फ्रेम उतरवली, त्यांची माफी मागितली, दुकान रफीकभाईंवर सोपवलं आणि मागोमाग हॉस्पिटलात पोचले. रिपोर्ट नसल्यामुळे सगळ्या तपासण्या पहिल्यापासून चालू झाल्या होत्या. शुगर, बीपी, डोळ्याचं माप. शिरीष प्रत्येक दारापर्यंत आईंच्या हाताला धरून जात होता, एकदाही इकडेतिकडे बघितलं नाही. चार वाजता खिशात 'ते काम' वाजलं. त्यानं फोनकडे बघितलं, आईंकडे बघितलं आणि बंद केलं.

शेवटी काउंटरवरची मुलगी कागद पुढे सरकवत म्हणाली, "जाँच सब ठीक है, सर. अब आप लोग घर जाइए. माताजी को ऑपरेशन के लिए कल सुबह ले आइए."

शिरीषनं कागद घेतला नाही. आईंना समोरच्या बाकावर बसवलं, स्वतः त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "नहीं, हम यहीं बैठे हैं. जब कल हो जाए, बुला लीजिएगा."

आईंनी चपला काढल्या आणि बाकाखाली सरकवल्या.

"वृषाली," त्या म्हणाल्या, "डबा इथेच आण. आणि पत्ते."